आठ महिन्यांची सही

“काका, तिखट कमीच घालू ना?” नूडल्सच्या गाडीवरच्या बाईनं विचारलं, आणि तेही रेडिओवर बोलतात तसल्या स्वच्छ भाषेत, परगावच्या माणसाशी बोलतात तसं जरा मोठ्यानं. फू शौलिननं मात्र मागणी केली होती इथल्या बोलीत. गाडीपुढच्या रांगेत उभा असताना त्यानं ते वाक्य दोनदा मनात घोळवलं होतं. मोठा वाडगा, शेवया जरा कच्च्या ठेव, रस्सा बेताचा. चोंगचिंगमधला कुठलाही माणूस सकाळी डोळे चोळत हेच म्हणतो, आणि सहासष्ट वर्षांपूर्वी याच शहराच्या एका उतारावर जन्मलेल्या फू शौलिननंही तेच म्हटलं होतं. मग चुकलं कुठं? शब्द तर बरोबर होते. शब्दांच्या खालचा सूर गेला असेल. दूर उत्तरेतल्या हारबिनच्या ट्रॅक्टर कारखान्यात सेहेचाळीस वर्षं घालवल्यावर, उणे तीस अंशांच्या थंडीत तोंड पुरतं न उघडता बोलायची सवय लागल्यावर जिभेचं काहीतरी होत असणार. तिखट खाणाऱ्या गावचा म्हणून कारखान्यात पहिल्या दिवसापासून त्याला ‘मिरची’ म्हणत. नव्यानं लागलेली पोरं त्याचं खरं नाव विचारायची सुद्धा नाहीत. “मिरची, तो पाना दे.” “मिरचीला विचार, त्याला कळतं.” आणि आज मिरचीला तिच्या स्वतःच्या गावात विचारलं जात होतं, तिखट कमी घालू ना. बोलीत सांगावं, बाई गं, मी इथलाच, असं त्याच्या ओठांवर आलं. पण ते वाक्यही त्याच तुटक्या सुरात बाहेर पडेल अशी भीती वाटली. “घाल नेहमीसारखं,” तो म्हणाला. आणि मग जे व्हायला नको होतं तेच झालं. तिसऱ्या घासाला नाक वाहायला लागलं, डोळ्यांतून पाणी आलं. शेजारी प्लास्टिकच्या स्टुलावर बसलेला जिआओ, त्याच्याच कारखान्यातला, या सहलीत त्याच्या खोलीत असलेला, मांडीवर थाप मारून हसला. “अरे फू! इथलाच ना तू? गाडीत तर आम्हाला कंटाळा येईपर्यंत सांगत होतास!”

सहल सहा दिवसांची होती. निवृत्त कामगारांची, हारबिनहून, सगळ्यांना सारख्या पिवळ्या टोप्या. शिन, त्याची बायको, दम्यामुळे आली नव्हती. तिनं बॅग भरून दिली आणि दारात म्हणाली, “सगळं बघ. आणि ज्यासाठी जातोयस तेही कर.” कशासाठी ते दोघांपैकी कुणीच बोललं नव्हतं. खिशातल्या पाकिटात, आरोग्यविम्याच्या कार्डामागे, एक पत्ता दोन वर्षं घडी घालून पडला होता. लहानपणच्या एका मित्रानं मोबाइलवर पाठवलेला, त्यानं हातानं कागदावर उतरवून घेतलेला. नदीपलीकडच्या वसाहतीचा, अकरा नंबरच्या इमारतीचा, सत्ताविसाव्या मजल्याचा. तिथं त्याची थोरली बहीण चाओयुन राहत होती. तिच्याशी तो एकवीस वर्षं बोलला नव्हता.

बसमध्ये मेंगबाई माइकवर माहिती सांगत होत्या. चाळिशीच्या, बडबड्या, लगतच्या प्रांतातल्या, पण शहराबद्दल बोलताना ‘आमचं चोंगचिंग’ म्हणायच्या. आमचं चोंगचिंग, जिथं पहिला मजलाही रस्ता आणि बाविसावा मजलाही रस्ता. आमचं चोंगचिंग, जिथं रेल्वे इमारतीच्या पोटात शिरते. ती इमारत दाखवायला बस थांबली तेव्हा खाली फुटपाथवर शेकडो माणसं तोंडाचा आ वासून उभी होती, गाडी गिळतोय असा फोटो काढून घेण्यासाठी. जिआओनंही आ वासला. फू शौलिननं त्याचा फोटो काढला, एक नाही, तीन काढले, कारण दोनदा गाडी आधीच निघून गेली. वर खाली, खाली वर, रस्त्यावर रस्ता, त्यावर पूल, पुलावरून पूल. लोक आश्चर्यानं ओरडत होते आणि त्याला मनात वाटत होतं, यात नवल काय? आमच्या अंगणाखाली दुसऱ्यांचं छप्पर होतं. धुणं वाळत घालताना एखादा मोजा खाली पडला तर तो थेट चांगवाल्यांच्या कौलांवर, आणि ताई वरून हाक मारायची, “ओ चांगकाकू, मोजा!” आणि काठीच्या टोकाला अडकवून मोजा वर यायचा. शहर उभंच होतं. यांनी फक्त त्याला काच लावली आणि उंची वाढवली. असं तो स्वतःला सांगत होता. पण खिडकीतून एकही कोपरा ओळखीचा दिसत नव्हता. नदी मात्र होती, तशीच मातकट. त्याला वाटलं नव्हतं इतका तो तिच्याकडे बघत राहिला. धुकंही होतं. धुक्यात इमारतींची वरची अर्धी अंगं नाहीशी झाली होती आणि त्या अर्ध्या उंचीत, डोळे जरा बारीक केले, तर जुनं शहर बसवता येत होतं. बस वळली की ते निसटायचं. तो परत बसवायचा.

दुपारी त्यांना ‘जुन्या पायऱ्या’ दाखवायला नेलं. डोंगरउतारावरच्या जुन्या वस्त्या पाडल्यानंतर बऱ्याच वर्षांनी, त्याच उतारांपैकी एकावर, जुन्यासारखी दिसणारी नवी गल्ली बांधली होती. करकरीत दगड, लाकडी सज्जे, कंदील, चहाची दुकानं, आणि एका वळणावर बांबू खांद्यावर घेतलेल्या हमालाचा पितळी पुतळा. त्याच्या बांबूला लोक आपल्या पर्स लटकवून फोटो काढत होते, त्यामुळे बांबू घासून पिवळाधमक झाला होता. ही त्यांची गल्ली नव्हती. त्यांची दोन उतार पलीकडे, जिथं आता बाजारसंकुल आहे. पण वास कुठून तरी यावा म्हणून त्यानं श्वास ओढला. दगडी कोळशाचा धूर, ओल, उकळत्या बटाट्याच्या पिठाची खळ. येत होता तो सनस्क्रीनचा आणि कॉफीचा. उतरताना गुडघा करकरला तसा तो कठड्याला टेकला आणि मेंगबाईंना म्हणाला, “अशा गल्ल्यांत, पायऱ्यांच्या मधोमध, दगडात एक खाच असायची. हमाल ओझं टेकवायचे. ती नाही केलेली इथं.” मेंगबाई कौतुकानं हसल्या. “फूकाका, तुम्ही छान वाचून आलात हो! आमच्याकडे कितीतरी जण काहीच न वाचता येतात.” तो हो म्हणाला. हो, वाचलं कुठंतरी.

त्या क्षणी काहीतरी फुटावं तसं झालं, आणि आश्चर्य म्हणजे राग नाही आला. आठवली ती सही. दोन हजार तीन साल. मार्चमध्ये ताईचं पत्र आलं होतं, सोबत छापील कागद. गल्ली पाडणार. प्रत्येक घराबदली नवा फ्लॅट. घर वडिलांच्या नावावर होतं, म्हणून दोघा वारसांच्या सह्या हव्यात. तुझी करून पाठव. एवढंच लिहिलं होतं. आणि खाली, वेनची छाती बरी नाही. वेन म्हणजे भावोजी, पंचवीस वर्षं सिमेंटच्या कारखान्यात पोती भरलेला माणूस. शौलिननं कागद वाचला, घडी घातली, ड्रॉवरमध्ये ठेवला. शिननं एप्रिलमध्ये तो बाहेर काढून त्याच्या ताटाजवळ ठेवला, वर पेन ठेवलं. त्यानं जेवण संपवलं आणि कागद परत आत टाकला. काय होतं त्याच्या मनात? नकार नव्हता. भांडण तर मुळीच नव्हतं. फक्त असं होतं की हारबिनमध्ये, चौथ्या मजल्यावरच्या त्या वाफेच्या नळांनी तापलेल्या खोलीत, रोज झोपण्यापूर्वी तो त्या घरी जायचा. खरोखर जायचा. खालच्या घाटापासून पायऱ्या चढायला लागायचा, चांगवाल्यांच्या कौलांपाशी वळायचा, दाराची कडी डाव्या हातानं उचलायचा कारण उजव्यानं ती अडकायची. सही केली की हे संपेल असं त्याला वाटायचं. दर महिन्याला ताईचा फोन यायचा, कारखान्याच्या गेटवरच्या फोनवर. “धाकट्या, पाठवलास का?” “पाठवतो.” “नक्की?” “या आठवड्यात.” जूनमध्ये, ऑगस्टमध्ये, ऑक्टोबरमध्ये. नोव्हेंबरात त्यानं सही केली. का केली तेही सांगता येणार नाही. एका रविवारी ड्रॉवर उघडला आणि केली. कागद पोचल्यावर फोन आला नाही. भावोजी वारल्याचं जानेवारीत कळलं, तेही दुसऱ्याकडून, आणि त्यानं पाठवलेली तार परत आली.

मेंगबाई टोप्या मोजत होत्या. शौलिननं आपली टोपी काढून जिआओच्या हातात दिली. “मी जरा जाऊन येतो.”

“कुठं? संध्याकाळी बोटीवरून लाइटिंग बघायचंय! पैसे भरलेत!”

“बहिणीकडे.”

जिआओचं हसू गेलं. कारखान्यात सगळ्यांना थोडंथोडं माहीत होतं. “रिकाम्या हातानं?” तो एवढंच म्हणाला, आणि आपल्या पिशवीतून हारबिनच्या सॉसेजचं न फोडलेलं पुडकं काढून त्याच्या काखेत दिलं.

मेट्रो जमिनीखालून निघाली आणि अचानक नदीवर आली, पुन्हा डोंगरात शिरली. समोर बसलेल्या बाईच्या मांडीवर कोबी होता. पत्ता त्याला पाठ होता तरी त्यानं तीनदा कागद काढला. ताई त्याच्याहून आठ वर्षांनी मोठी. आई तो चार वर्षांचा असताना गेली, त्यामुळे त्याच्या आठवणीत आईचे जे हात आहेत ते बहुतेक ताईचेच असावेत. हा विचार त्याला पूर्वी कधीतरी आला होता आणि त्यानं तो मागे सारला होता. आता गाडीत दुसरं करण्यासारखं काही नव्हतं. बारा वर्षांची मुलगी पाठीवर चार वर्षांचा भाऊ बांधून पायऱ्या चढते. तिच्या मानेचा वास. घामाचा आणि साबणाच्या वडीचा. हा वास त्याला हारबिनमध्ये कधीच आला नव्हता. तिथं रोज रात्री तो घरात शिरायचा, कडी उचलायचा, खिडकीपर्यंत जायचा, पण घरात कधी कुणी नसायचं. सेहेचाळीस वर्षं तो एका रिकाम्या घरी जात होता, हे त्याला पहिल्यांदाच जाणवलं, आणि पुढच्या स्टेशनवर उतरून परत फिरावं असं वाटलं. तो उतरला नाही.

अकरा नंबरच्या इमारतीखाली वडाच्या झाडाभोवती टेबलं मांडली होती आणि म्हातारी माणसं माजाँग खेळत होती. सोंगट्यांचा खळखळाट. वर जायच्या दाराचा शोध घेत तो टेबलांमधून चालला होता, तेवढ्यात एका टेबलावरून, वर न बघता, कुणीतरी म्हणालं, “बस तिथं. हा डाव होऊ दे.”

पांढरे, कानाखाली कापलेले केस. निळं कार्डिगन. हात भराभर सोंगट्या रचत होते. तो बाजूच्या स्टुलावर बसला, सॉसेजचं पुडकं मांडीवर.

“कोण गं हा, चाओयुन?” समोरच्या बाईनं विचारलं.

“माझा धाकटा भाऊ. हारबिनवाला.”

“अगंबाई! तुला भाऊ आहे? इतक्या वर्षांत कधी बोलली नाहीस!”

“लांब राहतो,” ताई म्हणाली. “तू सोंगटी टाक. त्याच्याकडे काय बघतेस?”

डाव संपला. ती हरली. मग तिनं चष्मा काढून त्याच्याकडे नीट पाहिलं, बराच वेळ. “म्हातारा झालास,” ती म्हणाली. “बाबांसारखा चालतोस. झाडापलीकडून दिसलास तेव्हा आधी मला वाटलं, बाबाच आले. म्हटलं, आता माझी वेळ भरली.” शेजारणी हसल्या. ती हसली नाही.

लिफ्टमध्ये दोघंच होते. तिच्या डाव्या पायात जरा ओढ होती. आकडे वर सरकत होते आणि तिनं सहज विचारलं, “सहलीतून आलास वाटतं. काय काय दाखवलं?”

“पायऱ्या दाखवल्या. नव्यानं बांधल्यात.”

“छान बांधल्यात. उद्घाटनाला आमच्या वसाहतीच्या बायकांचा नाच होता. मी दुसऱ्या रांगेत. संडास बघितलास का तिथला? संगमरवरी! आपल्या वेळी अख्ख्या गल्लीला एक, आणि पावसात तिथं जायचं म्हणजे जीव मुठीत.” मग थांबून, “तुला नाही आवडलं.”

“तसं नाही.”

“तुला नाही आवडणार.”

घर लहान, लख्ख. भिंतीवर भावोजींचा फोटो, त्याखाली संत्री. शौलिन फोटोपुढे उभा राहिला, तीनदा वाकला. मागे स्वयंपाकघरात सुरीचा आवाज सुरू झाला होता. तो दारात जाऊन थांबला. ती लोणच्याच्या बरणीतून काढलेला मुळा चिरत होती. पाठमोरी. आणि तशीच, पाठमोरी, ती बोलायला लागली, जणू कालच सोडलेलं वाक्य पुढं चालू करत होती.

“जुलैपर्यंत सगळे गेले होते. चांगवाले शेवटचे. मग वरच्या बाजूनं पाडत आले. दिवसभर धूळ. वेनला धूळ म्हणजे विष, माहीत होतं सगळ्यांना. मी ओली चादर टांगायची दाराला, तासाभरात राखाडी व्हायची. सप्टेंबरात नळ तोडला. मोठ्या रस्त्यावरच्या हॉटेलातून पाणी आणायची, एका वेळेला दोन बादल्या. त्रेपन्न वर्षांची होते मी. मग वीज गेली. पाडणारे लोक वाईट नव्हते. त्यांच्यातला एकजण मला म्हणायचा, मावशी, एवढा एक कागद आणा ना, मी स्वतः सामान वाहून देतो. मी म्हणायची, येतोय, भाऊ पाठवतोय.” सुरी थांबली. “शेवटी वेनला बांबूच्या खुर्चीत बसवून दोन हमालांनी खाली नेलं. आधीच्या पायऱ्या उखडलेल्या. चिखलातून. तो माझ्याकडे बघून म्हणाला, लग्नाच्या वरातीसारखं वाटतंय. असं बोलायचा तो. इस्पितळातून या घरी यायचं होतं आम्हाला. किल्ली माझ्या हातात आली तेव्हा तो जाऊन बारा दिवस झाले होते.”

शौलिननं दाराची चौकट धरली. “मला वाटलं,” तो म्हणाला, आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा त्याच्या तोंडून अस्सल गावची बोली निघाली, सूर न शोधता, “सही नाही केली तर घर राहील.”

“राहिलं असतं. आणि आत कोण?”

तिनं चिरलेला मुळा सुरीच्या पात्यानं गोळा केला.

“तू दूर बसून घर बघत होतास, धाकट्या. त्या घरात मी होते.”

“ताई, मला...”

“माफीबिफी मागू नकोस. मुळ्याची चव जाते.” तिनं मुळा कढईत टाकला, चर्र आवाज झाला, मिरच्यांचा खाट उठला आणि दोघंही खोकले. “रागावले होते मी. पुष्कळ वर्षं पुरेल एवढी. मग एक दिवस बघितलं तर राग नाहीच. कुठं गेला कळलं नाही. पण तोपर्यंत तुझा नंबरही नव्हता.”

“मी करायला हवा होता फोन. वाटायचं, तू ठेवशील.”

“ठेवलाच असता. दोनदा ठेवला असता.” तिनं कढई हलवली. “तिसऱ्यांदा नसता ठेवला.”

जेवताना मेंगबाईंचा फोन आला. बोट साडेसातला सुटते, कुठं आहात काका, सगळे थांबलेत. तो म्हणाला, तुम्ही जा. फोन खाली ठेवल्यावर ताईनं त्याच्या भातावर मांसाचा तुकडा ठेवला, धूर दिलेल्या, चरबीच्या बाजूचा. त्याला काय आवडतं ते तिनं विचारलं नव्हतं. बाहेर दिवे लागले होते. सत्ताविसाव्या मजल्यावरून पलीकडचा डोंगर सोनेरी, जांभळा, पुन्हा सोनेरी होत होता, आणि खाली काळ्या नदीवर एक झगमगती बोट संथपणे वळत होती. त्यातच जिआओ असेल, दोन टोप्या घेऊन. शौलिनला वाटलं आपल्याला वाईट वाटेल, हे सगळं बघताना, ते दिवे ज्याच्यावर बसवलेत त्या अंधाराबद्दल. वाटत होतंही. ओढ संपली नव्हती. ती जशी होती तशीच छातीत होती, फक्त तिला आता जायला जागा नव्हती. ताई खिडकीकडे बघत नव्हती. तिला ते रोजचंच होतं. ती संत्रं सोलत होती आणि फोडी दोन सारख्या वाट्यांत वाटत होती.

“एक विचारू?” ती म्हणाली. तिचा आवाज बदलला होता, लाजल्यासारखा. “हल्ली पहाटे जाग येते आणि मी त्या घरात जायला बघते. सगळं दिसत नाही. आत शिरल्यावर, पाण्याचा रांजण कुठल्या बाजूला होता रे? दुसऱ्या कुणाला विचारणार? कुणी उरलंच नाही.”

“डावीकडे,” तो लगेच म्हणाला. एवढं तरी त्याला ठाम माहीत होतं. कडी उचलायची, उंबरा ओलांडायचा, डाव्या हाताला रांजण, थंड, बाहेरून पाझरलेला.

“डावीकडे?” तिनं कपाळाला आठी घातली. हातानं हवेत दार उघडल्यासारखं केलं. “नाही रे. डावीकडे चूल. पाणी उजवीकडे. मी बादली घेऊन यायची ना, उजव्या हातात. तिथल्या तिथं ओतायची.”

“चूल आतल्या अंगाला होती, ताई.”

“तू गेलास तेव्हा वीस वर्षांचा होतास.”

“पण मी रोज...” तो म्हणाला आणि थांबला.

ती वाट बघत होती. त्रेपन्न वर्षांची एक बाई दोन बादल्या घेऊन चिखलातून चढून आलेली त्याला दिसली. पहिल्यांदाच त्या घरात कुणीतरी होतं. ती उंबऱ्यात उभी होती, हात भरून आलेले, आणि बादली कुठं रिकामी करायची ते तिला सापडत नव्हतं.

“उजवीकडेच होता,” फू शौलिन म्हणाला. “माझंच चुकलं.”

“बघ, म्हटलं ना मी!” ती म्हणाली, आणि समाधानानं संत्र्याची फोड तोंडात टाकली.

त्यानं डोळे मिटले. वाकून दोन्ही हातांनी रांजण मिठीत घेतला. काठोकाठ भरलेला होता. हलवताना पाणी सांडू नये म्हणून श्वास रोखून, एक एक पाऊल सरकवत, त्यानं तो पलीकडे नेला आणि तिच्या हाताशी ठेवला.